बुधवारचा मुका

देब्रे बर्हान
मियाझिया १२, सोमवार
फासिकाचा दुसरा दिवस

अस्रात,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. कागद वाया घालवायचा नाही म्हणून तोच पुढे वापरते आहे. खोडलेलं दिसलं तर लगेच पाघळू नकोस.

तू सुखरूप पोचलास असं धरून चालते. घर सोडून निघून जाण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. सतरा वर्षांपूर्वी लाइपझिगला शिकायला गेलास तेव्हा निदान आठ दिवस ट्रंक भरत होतास. या वेळी बॅगही उघडली नाहीस. सकाळच्या बसने आलास आणि दुपारच्या बसने आदिसला परत गेलास. वर कंडक्टरच्या हाती चिठ्ठी, ‘शुक्रवारचं विमान मिळालं’. शुक्रवारचं! वर्षातले तीनशे पासष्ट दिवस सोडून ज्या दिवशी प्रभूला क्रुसावर चढवलं त्याच दिवशी तुला विमानात चढायचं होतं.

काय झालं ते तुला ठाऊक आहे म्हणशील. पण तुला ठाऊक आहे ते आणि झालं ते, यात फरक आहे. म्हणून सांगते.

पवित्र आठवड्यातला बुधवार. सगळी गल्ली एकमेकांना नुसती मान हलवून पुढे जात होती. सोमवारपासून कोणी कोणाच्या हातात हात देत नाही, कोणी कोणाचा मुका घेत नाही. याच आठवड्यात यहूदाने मुका घेऊन प्रभूला पकडून दिलं, म्हणून. हे मी तुला सांगायचं? सात वर्षं चर्चमध्ये डीकनचा पांढरा झगा घालून तूच ते मोठ्याने वाचत होतास, आणि आई मागे बायकांमध्ये उभी राहून रडत होती.

आणि तू काय केलंस? गल्लीच्या तोंडापासून हात पसरून ओरडत आलास, “ख्रिस्त उठला!” अरे, ख्रिस्त अजून मरायचा होता! शेजारची वर्कनेश पाणी घेऊन चालली होती, तिने कॅन खाली ठेवला आणि तोंडाला शालीचा पदर लावला. हसत होती. मला म्हणाली, “येशी, तुझ्या भावाला फार घाई झालीये गं!” तुझ्या हातात काय होतं, तर चीजचा डबा आणि चॉकलेटची अंडी. उपासाचा बावन्नावा दिवस. बावन्न दिवस घरात दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. आईने तर दुपारी तीनच्या आत पाण्याचा थेंब घेतलेला नाही. आणि हा आमचा डीकन चीज घेऊन दारात!

तुमचं ईस्टर म्हणे आदल्या रविवारीच उरकलं होतं, आपला फासिका पुढच्या रविवारी होता. असेल. जर्मन लोकांना घाई असते. पण तुझ्या आईचं पंचांग कुठलं, हे विसरायला सतरा वर्षं पुरतात?

मी मागे सरले आणि हात पाठीशी बांधले. म्हटलं, “पवित्र आठवडा आहे, अस्रात. विसरलास वाटतं.” एवढंच. यात तुझा अपमान कुठे झाला? नियम काय मी केलाय?

मग आई आली. शिरोसाठीच्या डाळीच्या पिठाने हात बरबटलेले, तशीच. तिने तुझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मुके घेतले. या गालाचा, त्या गालाचा, परत या गालाचा. सगळ्या गल्लीसमोर, पवित्र बुधवारी! सत्तरीला आलेली ही बाई, जिने बाबांच्या मयतालासुद्धा पवित्र आठवड्यात आलेल्या पाहुण्यांना लांबून मान हलवली होती. मी म्हटलं, “आई, शुक्रवारी चर्चमध्ये अब्बांना काय सांगशील?” एवढं बोलले मी. आणि तुझा चेहरा उतरला.

नंतर कॉफीच्या वेळी दोन शब्द इकडचे तिकडे झाले असतील. ते काही मला आता आठवत नाहीत.

शुक्रवारी तू ढगांत होतास तेव्हा तुझी आई काय करत होती ते ऐक. मरियमच्या चर्चच्या आवारात, त्या खडकाळ जमिनीवर, सकाळपासून दंडवत घालत होती. सगळेच घालतात, ते सोड. संध्याकाळी आपले धर्मगुरू अब्बा वोल्दे ऑलिव्हची डहाळी घेऊन बसले आणि लोक रांगेने जाऊन उपासात झालेली चूक कानात सांगायला लागले. डहाळीचे फटके खायचे आणि सांगतील तेवढी जास्तीची दंडवतं घालायची. आईचा नंबर आला. कान जड झालेत तिचे, हळू बोलणं तिला जमत नाही. निम्म्या आवाराला ऐकू गेलं.

“माझ्या मुलाचा मुका घेतला.”

अब्बांनी विचारलं, “पश्चात्ताप होतोय?”

“नाही.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस, म्हातारे?”

“चूक केली, तर शिक्षा नको? द्या तुम्ही. पण तो परत आला तर परत घेईन, तेही लिहून ठेवा.”

अब्बांना हसू आवरेना. त्यांनी डहाळी नुसती टेकवली तिच्या खांद्याला आणि वय बघून चाळीस सांगितली. चाळीस, अस्रात. तिचा डावा गुडघा तू गेलास त्या वर्षापासून दुखतो आहे. विसाव्या दंडवताला ती बसलीच. मी धरायला गेले तर हात झटकला माझा. चाळीस पुरी केली. एका मुक्याची चाळीस दंडवतं, आणि तो मुका ज्याला मिळाला तो खिडकीतून आकाश बघत होता.

मला किती मिळाली? मी काही मोडलंच नव्हतं. मी त्या रांगेत गेलेच नाही.

आता शनिवारचं ऐक, कारण ते तुझ्या जन्मात तुला कोणी सांगणार नाही. फासिकाची कोंबडी बाईने कापायची नसते. घरात पुरुष असतो तो कापतो. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं मी दर फासिकाच्या आदल्या संध्याकाळी कोंबडी काखेत धरून रस्त्यावर उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषाला म्हणते, “दादा, एवढी कापून देता का?” कधी सैनिक, कधी ट्रकवाला. एक वर्षी एक प्यालेला माणूस मिळाला, त्याच्याकडूनही कापून घेतली. लोक बघतात. ‘या घरात कोणी नाही’ असं कपाळावर लिहून उभं राहावं, तशी मी उभी असते. आणि या वर्षी, घरी मुलगा येऊन गेला हे सगळ्या गल्लीने पाहिलेलं असताना, परत तेच. शिंपी झेरीहूनने कापून दिली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बारा तुकडे केले. आईने एक तुकडा बाजूला काढायला लावला, तुझा. पहाटे चर्चमधून आलो, उपास सोडायला बसलो. आईने तुझा तुकडा इंजेराच्या पोळीत गुंडाळला, रश्शात बुडवला आणि तो घास माझ्या तोंडात कोंबला. का, ते देव जाणे. मी म्हटलं, “माझा माझ्यापुढे आहे ना.” म्हणाली, “हा पण तूच खा.” डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिखट फार होतं.

चीज वर्कनेशला देऊन टाकणार होते. दिलं नाही. चांगलं आहे.

येशीमबेत


देब्रे बर्हान
मियाझिया १९, सोमवार

अस्रात,

माझं आधीचं पत्र अजून तुझ्या हाती पडलं नसेल, पण राग काही टपालाची वाट बघत नाही.

आई झोपून आहे. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणाला, “आजी, या वयात उठाबशा कशाला?” ती म्हणाली, “मुलगा आला होता.” त्याला वाटलं ती भ्रमात बोलते आहे. मी खुलासा केला नाही. काय सांगणार? तो तीन तासांसाठी आला होता असं?

सगळी गल्ली फासिकाची भेट घ्यायला येते आहे. पावाचे मोठे गोल रोट आणतात, आईच्या उशाशी बसतात आणि तुझं कौतुक ऐकून जातात. हो, कौतुक! “किती जाड झालाय! कोट कसा छान होता! गाल कसे गार होते, जर्मनीची थंडी घेऊन आला होता पोर!” तुझ्या गालांचं तापमान आता देब्रे बर्हानमध्ये सगळ्यांना पाठ आहे. माझ्याबद्दल एक शब्द नाही. सतरा वर्षं तिला आंघोळ कोण घालतं, लाकडं कोण फोडतं, बाबांच्या चाळिसाव्याला तीनशे पानं कोणी वाढली, हे कोणी विचारत नाही. तू एकदा गाल पुढे केलास आणि जिंकलास.

वर्कनेश काल म्हणाली, “येशी, त्याला आधी कळवायला हवं होतंस गं, की आमचा फासिका आठवड्याने आहे.” मी कळवणार? मला काय स्वप्न पडलं होतं? तू म्हणशील की मी येण्याबद्दल लिहिलं होतं. लिहिलं असशील. मला काही मिळालं नाही. आपल्या टपालाचं तुला माहीत आहे. अर्धी पत्रं आदिसलाच उंदीर खातात.

आणि मिळालं असतं तरी काय? सरकार बदलून सात वर्षं झाली. आता तुला अडवणारं कोणी नव्हतं. बाबा गेले तेव्हा ‘येऊ देणार नाहीत’ म्हणालास, ते मी ऐकून घेतलं. नंतरची सात वर्षं कोणी येऊ दिलं नाही तुला? वर्षाला दोन पत्रं पाठवायचास, एक नाताळचं आणि एक माझ्या वाढदिवसाचं, तेही चुकीच्या तारखेला. मी दर वर्षी म्हणायचे, येऊ दे आता, येऊ दे दारात, मग दाखवते. काय दाखवणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

आईला विचारलं काही लिहायचंय का. म्हणाली, “त्याला सांग, गुडघा बरा आहे.” मी तसं लिहिणार नाही. गुडघा बरा नाही.

येशीमबेत


देब्रे बर्हान
गिन्बोत ६, गुरुवार

प्रिय अस्रात,

तुझं पत्र सोमवारी आलं. आईच्या नावाने. आपल्या आईला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे आणि तिला ते कोण वाचून दाखवणार हेही माहीत आहे. हुशार आहेस. लहानपणी असाच होतास. मला लागेल तेच बोलायचास, पण बघायचास आईकडे.

संध्याकाळी कॉफी झाल्यावर मी तिच्या उशाशी बसून वाचलं. तू रागात आला नव्हतास, दमला होतास. तुला वाटलं होतं की फासिका झाल्यावर सगळे निवांत असतील, घर भरलेलं असेल, आणि तू दारातून ओरडशील तसं आतून सगळे ओरडतील, “खरंच उठला!” बर्लिनच्या विमानतळावर तू ते पुटपुटून बघितलंस, अम्हारिक अडखळते का म्हणून. मी सगळं वाचलं. मग एक ओळ आली. ती सोडून मी पुढची वाचली.

आई म्हणाली, “मध्ये काहीतरी गाळलंस.”

“काही नाही गाळलं.”

“वाचताना तुझे ओठ थांबले. वाच.”

मी वाचलं. ‘आई, ताईला मी दोन महिने आधी तारीख कळवली होती. तिला माझं पत्र मिळालं नाही का?’

आई उशीला टेकली. शाल नीट केली. मग म्हणाली, “मिळालं होतं.”

टपाल कचेरीतला माणूस तिला चर्चमध्ये भेटला होता, उपास सुरू झाल्यावर दोन रविवारांनी. “जर्मनीचं पत्र येशीने नेलं हं काल.” तिला तेव्हापासून माहीत होतं. ती वाट बघत राहिली मी वाचून दाखवीन म्हणून. रोज संध्याकाळी विचारायची, “काही टपाल?” मी म्हणायचे, “नाही.” मला वाटायचं म्हातारपणामुळे तेच तेच विचारते आहे. पत्रात काय आहे ते तिला माहीत नव्हतं. पण मी तोंड बंद ठेवलंय म्हणजे तू येतो आहेस, एवढं तिला कळलं. तुझं ओरडणं कानावर पडलं तेव्हा ती पिठाचे हात धुवायलाही थांबली नाही. म्हणाली, “मला वाटलं, हिने दार लावून घ्यायच्या आत मी पोचायला हवं.”

ऐक आता. मी टपाल कचेरीच्या पायरीवरच तुझं पत्र फोडलं होतं. ‘ईस्टर झाल्यावर बुधवारी येतो, तोवर तुमचा उपास संपला असेल.’ मी तिथेच बोटांवर मोजलं. आपला फासिका तुमच्यानंतर आठवड्याने. म्हणजे तो बुधवार आपला पवित्र बुधवार. मी परत मोजलं. आणि मला आनंद झाला, अस्रात. देवाशपथ आनंद झाला. सतरा वर्षं मी शोधत होते की तू दारात आलास तर तुला जवळ न घेता कसं उभं राहायचं, आणि इथे देवाने स्वतः नियम करून माझ्या हातात दिला होता. मला काही करायचंच नव्हतं. फक्त हात मागे बांधायचे होते, आणि कोणीही मला नाव ठेवू शकलं नसतं.

एका ओळीचं कार्ड टाकलं असतं तर तुला वेळेवर मिळालं असतं. ‘चार दिवसांनी ये.’ मी पत्र पिठाच्या पत्र्याच्या डब्याखाली ठेवलं. चाळीस दिवस ताटात डाळ, आणि मनात हे.

कॉफीच्या वेळी काय झालं तेही मला आठवतंय. तू बाबांच्या फोटोकडे बघत होतास. मी म्हटलं, “बाबा गेले तेव्हा कुठलं पंचांग बघत होतास?” तू कप खाली ठेवलास. त्यानंतर तू गेलास. आईच्या पापामुळे नाही, माझ्या बोलण्यामुळे. आणि मी शुक्रवारी रांगेत गेले नाही, कारण अब्बांच्या कानात सांगायला माझ्याजवळ होतं. आईने एका मुक्यासाठी गुडघा घालवला आणि मी, जिने कट केला, ती तोंडावर शाल ओढून मागे उभी होते. तो फासिकाचा घासही आता कळला. ती म्हणाली, “ज्याचा वाटा घेतलास तो तोंडात घेऊन बघ कसा लागतो, म्हणून भरवला.” तिखट लागला होता, अस्रात. मिरचीचा दोष नव्हता.

काल अब्बांकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, मला चारशे द्या. अब्बा म्हणाले, “एकही नाही.”

“का?”

“फासिकापासून पन्नास दिवस उपास नाही, दंडवत नाही, हे तुला ठाऊक नाही? शुक्रवारी आली असतीस तर सुटली असतीस. आता पन्नास दिवस शिक्षा बंद. आता फक्त भेटायचं आणि मुके घ्यायचे. नियम पाळण्याची हौस आहे ना तुला? मग हा पाळ.”

मला इतका राग आला! दंडवतं सोपी होती. आवारात चारशे घातली असती आणि मान वर करून घरी आले असते. हे पत्र लिहिणं जास्त जड आहे. तीनदा फाडलं.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हे स्वच्छ सांगते. बाबांचं मी विसरणार नाही. सात वर्षांचंही नाही. तू आलास की ते तुला बसून ऐकावं लागेल, पूर्ण, मध्ये बस पकडायची नाही. पण तो दारातला बुधवार माझा आहे, तुझा नाही.

तेव्हा आता तारीख लिहिते. या वेळी दोन्ही पंचांगांतून लिहिते आणि वर्कनेशकडून मोजून घेतली आहे. आमचे पन्नास दिवस गिन्बोत ३० ला संपतात. तुझ्या भिंतीवर तो जून महिन्याचा सात, रविवार आहे. त्याच्या आत कधीही ये. ओरडत ये. तोवर “ख्रिस्त उठला” म्हटलेलं चालतं, कोणी हसणार नाही. वर्कनेश हसेल, पण ती कशालाही हसते.

आई उठून बसते आता. गुडघा थोडा बरा आहे. हे तिने सांगितलं म्हणून लिहीत नाही, खरंच थोडा उतरलाय.

बाजारातून एक लाल कोंबडी आणून मागे बांधून ठेवली आहे. झेरीहून कुंपणावरून विचारत होता, “कापून देऊ का?” म्हटलं, “नको. आमच्याकडे माणूस येणार आहे.” हे मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलून बसले आहे, अस्रात. आता परत ती काखेत धरून मला रस्त्यावर उभी करू नकोस.

तुझी ताई
येशी